बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

"विहीणबाई, हात पुढं करा. भाजत नाही, करा," दामोदरराव म्हणाले.

मी हात पुढं केला. माझ्यासमोर तीन हीटर ओळीनं मांडलेले होते आणि दामोदरराव दुकानात साड्या दाखवावेत तसे एकेक दाखवत होते. पहिल्या हीटरच्या जाळीमागं तारेचं वेटोळं लालभडक झालं होतं. तळहाताला चांगली ऊब लागली, पाठीला मात्र निफाडचा गारठा तसाच. डिसेंबर सरत आला होता, उन्हं वर आली तरी बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी अंगात दोन स्वेटर घालून आणि वर आमच्या ह्यांचा मफलर गुंडाळून त्या खोलीत उभी होते.

"पुढून ऊब आणि मागून गारठा," मी म्हटलं. "बाळंतिणीनं काय भाकरीसारखं उलटत बसायचं का?"

"म्हणूनच हा नाही वापरायचा. हा फक्त तुम्हाला फरक कळावा म्हणून लावलाय," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. हा माणूस हसायचा कमीच.

मी येवल्याहून तिथं गेले होते ती खोली बघायला. आमची सून वैजयंती म्हणजे दामोदररावांची एकुलती एक मुलगी. तिचा सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि आठव्यात गर्भारशीला हलवत नाहीत, तेव्हा न्यायची तर त्याच आठवड्यात न्यायला हवी होती. पण पोरीला आई नव्हती. प्रभावतीबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या. घरात दामोदरराव एकटे, आणि पुढच्या चौकात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. मी निरोप धाडला होता की, बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या, तुमच्याकडं करायला बाईमाणूस नाही आणि तुमचं निफाड म्हणजे नुसता बर्फ. त्यावर त्यांचा उलट निरोप आला. वैजूची मावशी लासलगावहून राहायला येणार आहे, खोली मी गरम करून दाखवतो, तुम्ही स्वतः येऊन बघा आणि मग काय ते ठरवा.

आता इतक्या वर्षांनी लपवायचं काय. मला ती खोली नापास करायची होती.

मला मुलगी नाही. निळू एवढा एकच, तोही कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाळंतपण करायची हौस माझ्या मनात राहूनच गेली होती. वैजूसाठी मी डिंक कुटून ठेवला होता, अळीव निवडून ठेवले होते, सुतळीची नवी बाज विणून घेतली होती. पोरगी माझ्या मागंमागं स्वयंपाकघरात असायची आणि सारखी तिच्या आईबद्दल बोलायची. आई भाजीला फोडणी अशी द्यायची, आईला वांगं आवडायचं नाही, आई पाऊस आला की अंगणात उभी राहायची. प्रभावतीबाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्या वांग्याला कशी नावं ठेवायच्या ते मला पाठ झालं होतं. मला ते ऐकायला आवडायचं. घरात लेक असती तर अशीच बडबडली असती, असं वाटायचं.

आणि गंमत म्हणजे वैजूलाही माहेरी जायचं नव्हतं. तीच एका दुपारी म्हणाली, "आत्याबाई, मला निफाडला नका पाठवू. अण्णांना काहीतरी कारण सांगा."

"का गं?" मी विचारलं.

ती मान खाली घालून वाटाणे सोलत राहिली. मला हवं तेच पोरगी बोलली होती, मग मी कशाला खोदून विचारते. थंडीचं कारण मी शोधून काढलं आणि निरोप धाडून मोकळी झाले. तर हा माणूस तीन हीटर घेऊन माझ्यापुढं उभा.

"यातला कोणता जास्त ऊब देईल, सांगा," दामोदररावांनी विचारलं.

"सगळ्यात महाग असेल तो."

"चुकलात. तिन्ही सारखेच. एक युनिट वीज घातली की एक युनिटाचीच ऊब मिळणार, कमी नाही आणि जास्तही नाही. वीज तारेतून जाताना अडते, अडली की तार तापते, एवढाच सगळा खेळ आहे. बल्बला आपण उजेड मागतो आणि त्याची निम्मीअधिक वीज तापण्यात वाया जाते. हीटरला आपण तापच मागतो, त्यामुळं वाया जाण्यासारखं काही उरतच नाही. ह्या पंख्याच्या हीटरमधला वारासुद्धा शेवटी खोलीतच विरतो आणि त्याची ऊबच होते. खोक्यावर कुणी काहीही छापू दे, निम्म्या विजेत दुप्पट ऊब देणारी तार अजून जन्मायचीय."

"मग एकच आणायचा होता. तीन कशाला?"

"ऊब तेवढीच, पण ती जाते कुठं ते बघायचं असतं." विषय निघाला की माणूस खुलायचा. "हा तारेचा, उन्हासारखा. समोर बसेल त्याला शेकतो, बाजूच्याला नाही. हा पंख्याचा, हवा झटक्यात गरम करतो, पण घोंघों करतो आणि घसा कोरडा पाडतो. बाळ झोपायचं नाही. आणि हा तेलाचा. ह्याच्या पोटात तेल भरलेलं आहे. ते जळत नाही, संपत नाही, नुसतं तापतं आणि ह्या पंखांमधून ऊब सोडत राहतं. तापायला वेळ लावतो, पण एकदा तापला की भिंतींसकट खोली धरून ठेवतो. नेमकी ऊब झाली की आपणहून बंद, उतरली की आपणहून चालू."

"म्हणजे आमच्या सासूबाईंपेक्षा शहाणा. त्यांना कधी थांबायचं कळायचं नाही."

आता ते किंचित हसले. त्यांनी तेलाच्या हीटरचं बटण दाबलं आणि मला वर बघायला सांगितलं. पत्र्याखाली लाकडी छत मारून घेतलेलं होतं. दाराखिडक्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या होत्या, जाड पडदे होते.

"ऊब वर जाते," ते म्हणाले. "वर उघडा पत्रा असला की हीटर आपलं काम चोख करणार आणि पत्रा सगळी ऊब आभाळाला वाटून टाकणार. लोक येऊन मला म्हणतात, तुमचा हीटर कुचकामी. अहो, हीटर नाही, तुमची खोली गळकी आहे."

"आणि शेगडीचं काय? बाजेखाली कोळशाची शेगडी नको का? आमची सगळ्यांची बाळंतपणं शेगडीवरच झाली."

"तेव्हा घरांना कौलं होती, फटी होत्या. ह्या बंद खोलीत कोळसा पेटवला तर त्याच्या विषारी हवेला ना वास ना रंग. मायलेकरं झोपेतच जायची. नाव काढू नका."

"तुमच्या विजेसाठी तिकडं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसाच जाळतात ना? मग इथं जाळला तर काय बिघडलं?"

त्यांनी माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. "बरोबर बोललात. आणि तिथं तीन पोती जाळावी तेव्हा कुठं एका पोत्याची वीज होते, बाकीची ऊब वाऱ्यावर. खोटं सांगणार नाही. पण तो धूर माझ्या लेकीच्या खोलीत येत नाही."

मी शेगडीचा नाद सोडला.

खोली तापेपर्यंत आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. मी नजर फिरवली. भिंती नुकत्या रंगवलेल्या. एक कॅलेंडर, एक गणपती, एक घड्याळ. प्रभावतीबाईंचा फोटो नाही. कोनाड्यात कुंकवाचा करंडा नाही, दांडीवर एखादं जुनं लुगडं नाही, खुंटीला पिशवी नाही. त्या घरात बाई राहून गेली होती ह्याची काही खूण मला दिसेना.

"विहीणबाईंचा फोटो कुठाय?" मी सरळ विचारलं.

"आहे. कपाटात आहे," ते म्हणाले आणि उठले. "चहा टाकतो."

ते आत गेले आणि मला वैजूचं एक बोलणं आठवलं. अण्णांसमोर आईचं नाव काढलं की ते उठून दुकानात जातात, असं ती कधीतरी म्हणाली होती. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं.

मी परत खोलीत गेले. खोली तापली होती. मी मफलर काढला, मग वरचा स्वेटर काढला, आणि मला वाईट वाटलं. शोधूनही नाव ठेवायला जागा नव्हती. मऊ, सगळीकडून सारखी ऊब होती, थंडीतल्या दुपारी गोधडीत असते तशी. माझ्या येवल्याच्या घरात अशी खोली नव्हती.

मग मला धुरी आठवली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि तुपाचा थेंब टाकून धुरी देतात. निखारा नाही तर धुरी कशी देणार? सापडलं, म्हटलं. बटव्यात मी ओवाशेपांची पुरचुंडी आणि तुपाची डबी आणलीच होती, ह्यावरच त्यांना अडवायचं म्हणून. पण मला वाटलं, आधी आपणच करून बघावं. मी तो तारेचा हीटर उताणा पाडला, तोंड वर करून, अगदी शेगडीसारखा. बटण दाबलं. तार लाल झाली. मी जाळीतून चिमूटभर ओवा सोडला.

तडतडला. धूर निघाला, छान वास सुटला. मला हुरूप आला. मग शेपा सोडल्या, आणि मग तुपाचा थेंब सोडताना हात सैल सुटला. भपकन जाळ उठला, काहीतरी फट्‌दिशी वाजलं आणि घरातली सगळी वीज गेली. पडदे लावलेले, खोलीत अंधार आणि ओव्याचा दाट धूर. मी खोकत भिंतीला टेकून उभी राहिले.

दामोदरराव धावत आले. आता हा माणूस मला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ते दारातच थांबले. धुरात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. ते हळूच म्हणाले, "प्रभा."

मला म्हणाले नाहीत. कुणालाच म्हणाले नाहीत.

मी हीटरची पिन काढली आणि विचारलं, "खिडकी उघडू का?"

"नको. राहू द्या जरा."

ते तिथंच दाराशी खाली बसले. मीही भिंतीशी खाली टेकले. धूर हळूहळू खाली बसत होता.

"वैजूच्या वेळी लासलगावला गेलो होतो, हिच्या माहेरी," ते म्हणाले. "बाळ बघायला. हाच वास. मला कुणी आत जाऊ देईना. ही आतनं म्हणाली, तिथूनच बघा हो, पण आधीच सांगते, नाक तुमचं आलंय बिचारीला." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "सगळ्या बायका हसल्या. मी पण हसलो."

"वैजूला सांगितलंत हे कधी?"

"नाही. हिचं नाव काढलं की वैजूला रडू फुटायचं. मग मी काढायचंच बंद केलं. हिच्या साड्या, भांडी, सगळं मावशीकडं देऊन टाकलं. पोरीला समोर दिसायला नको म्हणून."

हा माणूस दोन महिने छत मारत होता, पट्ट्या चिकटवत होता, हीटर तपासत होता, आणि लेक का येत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा गप्प बसले असते तर चाललं असतं. वीज गेली, जाळ झाला, एवढं कारण पुरेसं होतं. घरी जाऊन सांगितलं असतं की ती खोली धोक्याची आहे, आणि वैजू माझ्याकडंच राहिली असती. माझ्या मनात ते आलं, चांगलं घोळलंही. मला ती पोरगी फार हवी होती.

"दामोदरराव," मी म्हटलं, "थंडीचं कारण माझं होतं. मलाही तिला सोडायची नव्हती, तेही खरं. पण नको म्हणाली ती वैजू."

"वैजू?"

"हो. ती रडते म्हणून तुम्ही बोलत नाही, आणि तुम्ही उठून जाता म्हणून ती बोलत नाही. माझ्या घरी ती दिवसभर आईबद्दल बोलते. तुम्हाला माहीत नसलेलं मला माहीत आहे आणि मी त्या बाईला बघितलंसुद्धा नाही. बाळंतपणात कुठल्या पोरीला आई आठवत नाही? तिला आठवणार, आणि इथं तिनं कुणापाशी आठवायची?"

त्यांनी उताणा पडलेला हीटर सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "खोली तापली होती ना?"

मी पटकन उठले आणि खिडकी उघडली. "तापली होती," मी म्हटलं. "मी स्वेटर काढला बघा."

संध्याकाळी येवल्याला पोचले तेव्हा वैजू दारातच उभी होती.

"कशी आहे खोली?"

"उत्तम आहे. मी एक हीटर जाळून आले, पण खोली उत्तम आहे."

तिचा चेहरा उतरला. मी तिला आत नेलं, बसवलं आणि म्हटलं, "तुझ्या अण्णांनी आज तुझ्या आईचं नाव घेतलं."

"काय म्हणाले?"

"प्रभा म्हणाले."

"नुसतं प्रभा?"

"आधी नुसतं प्रभा. मग लासलगावचं सांगितलं, तू झालीस तेव्हाचं. तुझी आई म्हणाली होती, नाक तुमचं आलंय बिचारीला."

वैजूनं नाकाला हात लावला. हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

"मला हे माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"त्यांना असं पुष्कळ माहीत असणार. ते माझ्यापाशी सांगून काय उपयोग."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुम्ही एवढा डिंक कुटलाय, आत्याबाई."

"डिंक निफाडलाही खाता येतो," मी म्हटलं, आणि कामाचं निमित्त काढून आत गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आठवा लागायच्या आत आम्ही तिला घेऊन गेलो. आमच्या ह्यांनी जीपच्या टपावर बाज बांधली होती. डिंकाचे डबे, अळीव, ओवा, बाळंतशेपा, सगळं माझ्या हातानं बांधून दिलेलं. दामोदरराव फाटकाशी उभे होते. आत शिरल्याशिरल्या मी भिंतीकडं बघितलं. फोटो लागलेला नव्हता. मी खट्टू झाले.

"ये, ये," ते वैजूला म्हणाले. "खोली दाखवतो तुला. तेलाचा हीटर लावलाय. बघ, ह्याच्यात तेल असतं, ते नुसतं तापतं, जळत नाही. एक युनिट वीज घातली की..."

वैजू मान खाली घालून ऐकत होती. तिनं पिशवी हातातून ठेवलीसुद्धा नव्हती. मला वाटलं, आता हिला इथूनच परत घेऊन जावं. हे काही ह्या माणसाला जमायचं नाही.

दामोदरराव मधेच थांबले. त्यांनी दाराची चौकट धरली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "तुझ्या आईला थंडी फार वाजायची."

वैजूनं मान वर केली.

"लग्न होऊन आली ना इथं, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात मला म्हणाली, तुमच्या गावात माणसं जगतात कशी? मी जातेच माझ्या घरी. आणि खरंच पिशवी भरून निघाली. मी मागं. अगदी स्टँडपर्यंत गेली."

"मग?" वैजू म्हणाली.

"मग काय, स्टँडवर भजी तळत होते. तिथं शेकत बसली आणि म्हणाली, आधी भजी खाऊ, मग ठरवू."

वैजू खाली बसली, तिथल्या तिथं, उंबऱ्यावरच. उंबऱ्यावर बसू नये, आणि गर्भारशीनं तर मुळीच नाही. मी रागवायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. दामोदररावही तिच्या शेजारी जमिनीवर टेकले. त्यांचा आवाज मधेच चिरकत होता, पण ते उठले नाहीत. "कुठली भजी, कांद्याची का?" असं वैजू विचारत होती. "आणि परत कधी आली? तेव्हा काय म्हणाली? साडी कोणती होती?"

मी पिशव्या आत नेऊन ठेवल्या. डबे फडताळात लावले. परत आले तरी दोघं तसेच बसलेले. मला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून मागच्या दारानं निघाले आणि घराला वळसा घालून फाटकाशी आले. आमच्या ह्यांनी जीप वळवून ठेवली होती.

मी बसले. हे आत बघत म्हणाले, "पोरीचा निरोप घेतलास ना?"

"घेतला," मी म्हटलं, आणि ह्यांचा मफलर डोक्यावरून गुंडाळला.